अंगावरचं दूध लेकीला पुरतंय की नाही, हे ओळखायचं कसं?

लातूरची_लेक

नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे. सगळं नीट सांगितल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

माझी मुलगी तीन आठवड्यांची आहे. सिझर झालं. जन्माचं वजन 2.9 किलो. दवाखान्यातून सोडताना 2.68, दोन आठवड्यांची झाली तेव्हा 2.74 आणि काल 2.86. म्हणजे अजून ती जन्माच्या वजनालाही पोचलेली नाही. बालरोगतज्ज्ञांनी काल सांगितलं, "दूध कमी पडतंय, दर वेळी पाजून झालं की 30 मिली पावडरचं दूध द्या." चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून दिलं आणि आठवड्याने परत वजनाला बोलावलं. कशामुळे कमी पडतंय हे मला विचारायचं होतं. पण बाहेर रांग होती आणि माझा गळा दाटून आला होता.

सिझरनंतर सुरुवातीला चीक अगदी थोडा येत होता. खरं दूध चौथ्या दिवशी उतरलं. त्याआधी रात्रपाळीच्या सिस्टरने तिला बाटलीने दोन-तीनदा पावडरचं दूध पाजलं होतं. घरी आल्यापासून मी फक्त अंगावर पाजतेय. डाव्या बाजूला चिरा पडल्यात, परवा रक्तही आलं. ती एकेका वेळी तासभर अंगावर असते, मध्येच झोपते आणि पाळण्यात ठेवली की लगेच जागी होते. संध्याकाळी दिवेलागणीपासून रात्री अकरापर्यंत तर नुसती अंगावर आणि रडणं, अंगावर आणि रडणं. लंगोट दिवसरात्रीत पाच-सहा ओले होतात. शी पिवळी, एक-दोनदा.

काल डॉक्टरांकडून आल्यावर वहिनीचा हाताने चालवायचा पंप लावून बघितला. दोन्ही बाजूंचं मिळून 25 मिली आलं. ते पाहून मी जी रडायला बसले, ती आईने जेवायला उठवेपर्यंत.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर मिलीलीटर आणि मायक्रोलीटरमध्ये मोजणं हेच माझं काम, आणि माझ्या लेकीच्या पोटात किती जातंय हे मात्र मला कळत नाही. याचा त्रास टाक्यांपेक्षा जास्त होतोय.

घरात तीन मतं आहेत. माझी आई म्हणते, "पान्हा आहे तुला, छाती दगडासारखी होते, पण लेकरू नीट ओढत नाही." ती अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, जेवल्यावर ओवा आणि बाळंतशेपा असं सगळं वेळच्या वेळी करतेय. सासूबाई पुण्याहून रोज फोन करतात, "पोरगी उपाशी आहे, बाटली लाव, हट्ट करू नकोस." मालिशवाल्या मावशी म्हणतात गुटी उगाळून द्या, मधाचं बोट चाटवा. शिवाय इथे एप्रिलचं ऊन चाळिशीच्या वर गेलंय, तर शेजारच्या काकू म्हणतात पाणी पाजा. नवरा शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो.

मला एवढंच कळून घ्यायचंय की दूध पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं, पावडर सुरू केली तर माझं दूध बंद होईल का, आणि हे 25 मिली म्हणजे नक्की काय समजायचं. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगा.

गोदाकाठ

अगं, काळजी करू नकोस. शतावरी कल्प सकाळ-संध्याकाळ दुधातून घे, खसखशीची खीर घे, भरपूर पाणी पी. मला तर आठवड्यात फरक पडला होता. आणि रडू नकोस, रडलं की दूध आटतं असं आमच्याकडे म्हणतात.

माहुलीच्या_सिस्टर

बाळा, मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आयुष्यभर नोकरी केली, आता निवृत्त आहे. तू आकडे नीट लिहिलेस हे फार बरं केलंस, त्यावरूनच बोलते.

आधी ते 25 मिली मनातून काढ. पंपात जे येतं ते पंपाला मिळालेलं दूध. बाळ नुसतं ओढत नाही, जिभेने दाबतंही, आणि ते जवळ आलं, त्याचा वास आला की जो पान्हा सुटतो तो प्लास्टिकच्या पंपाला सुटेलच असं नाही. शिवाय तू पंप पाजायच्या आधी लावलास की नंतर, हे लिहिलं नाहीस. तासभर पाजून झाल्यावर 25 मिली आलं असेल तर त्याचा अर्थ पार वेगळा होतो.

तुला मोजायचंय ना, तर वजन मोज आणि लंगोट मोज. जन्मानंतर सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, 7 ते 10 टक्क्यांपर्यंत. तुझ्या लेकीचं साडेसात टक्क्यांच्या आसपास उतरलं, त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. पण साधारण दोन आठवड्यांत ते भरून यावं लागतं आणि तिथून पुढे पहिले तीन महिने दिवसाला 20 ते 30 ग्रॅम चढावं लागतं. तुझं गेल्या आठवड्यात 120 ग्रॅम चढलं, म्हणजे दिवसाला 17. लंगोटही पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा भरपूर ओले व्हायला हवेत, तुझे काठावर आहेत. तेव्हा डॉक्टर उगाच घाबरवत नाहीत. लेकीला आत्ता कमी पडतंय, हे खरं आहे.

पण दूध कमी बनणं वेगळं आणि बनलेलं दूध बाळाच्या पोटात न जाणं वेगळं. छाती दगडासारखी होते, डाव्या बाजूला चिरा आहेत, तासभर अंगावर राहूनही पोट भरत नाही, ठेवलं की उठते. हे वाचून मला तुझ्या आईचं म्हणणं पटतंय. लेकरू नीट ओढत नाही. वरवर पकडतंय. चिरा पडणं हा बाळंतपणाचा भाग नव्हे. सुरुवातीला क्षणभर दुखेल, पण पूर्ण वेळ दुखत असेल तर पकड चुकलीय असंच समजायचं. आणि दूध बाहेर निघालं नाही की शरीर पुढच्या वेळी कमी बनवतं. असे आठवडे गेले की मग खरोखरच दूध कमी होतं. म्हणून घाई आहे, ती पकड सुधारायची.

आता नीट वाच. पाठीला टेकून बस, बाळाला वर घे, तू वाकू नकोस. बाळाचं पोट तुझ्या पोटाला, आणि तिचा कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून प्यायला लागली तर गिळता येत नाही, तू स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघ. डोकं मागून दाबू नकोस, मानेच्या खाली आणि खांद्यांना आधार दे. निपल तिच्या नाकासमोर यायला हवं, तोंडासमोर नाही. वरच्या ओठाला हलकेच लाव आणि थांब. तिने मोठा आ केला की खालचा ओठ आणि हनुवटी आधी टेकव, मग चटकन जवळ घे. निपलच्या भोवतालचा काळा भाग तोंडात जायला हवा, आणि खालच्या बाजूचा जास्त. वरून थोडा दिसेल, खालून जवळजवळ दिसणार नाही. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, गाल भरलेले. मग ऐक. सुरुवातीला भरभर चोखेल, पान्हा सुटला की संथ होईल आणि एक-दोन ओढींमागे घुटका गिळल्याचा आवाज येईल. तो आवाज येत असेल तोवर ती पितेय. नुसतंच चुळचुळ चोखत असेल तर छाती हाताने हलकी दाबून धर, परत गिळायला लागेल.

तुझे टाके ओले आहेत, तेव्हा बाळाला काखेखालून धरून बघ. बाजूला उशी, तिचे पाय तुझ्या पाठीकडे. पोटावर भार येत नाही आणि तोंडही नीट दिसतं.

एक सांग, पाजून झाल्यावर निपल बाहेर येतं ते गोल असतं की नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं एका बाजूने तिरकं?

गुटी, मध, पाणी यातलं सहा महिने काहीही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही. त्यात असे जंतू असू शकतात की लहान बाळाचे स्नायू लुळे पडतात. लातूरच्या उन्हातही आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं, तू मात्र तहान लागेल तसं पीत राहा. मावशींना रागावू नकोस, माझं नाव सांग. टाळूवर तेल घालतील ते घालू देत, तोंडात काही नको एवढंच.

गोदाकाठ, अळीव, खसखस, बाजरी हे बाळंतिणीच्या अंगाला चांगलंच. दूध मात्र पाजल्याने आणि छाती रिकामी झाल्याने वाढतं. ताण असला की पान्हा सुटायला वेळ लागतो हे खरं, पण रडल्याने दूध आटत नाही. तिला रडू दे.

अमेयची_आई

सिस्टरांनी सगळं सांगितलं आहेच, मी पावडरच्या प्रश्नावर लिहिते, कारण मी त्या प्रश्नासोबत राहिलेय.

माझा मुलगा 33 व्या आठवड्यात झाला, 1.6 किलो. आम्ही डोंबिवलीचे, त्याला मुंबईत सायन हॉस्पिटलला हलवलं. तिथे 1989 सालापासून आईच्या दुधाची बँक आहे, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. माझं दूध उतरेपर्यंत माझ्या मुलाने दुसऱ्या आयांचं दूध घेतलं. त्या कोण होत्या मला माहीत नाही. पुढे माझं भरपूर यायला लागलं तेव्हा मीही तिथे दिलं. तो स्टीलचा ट्रे, कपाळावरून टोपी आणि हात कोपरापर्यंत धुणं हे अजून आठवतं.

तिथल्या सिस्टरने मला पंप न लावता हाताने दूध काढायला शिकवलं. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं जवळ आणून दाबायचं, सोडायचं. घासायचं नाही, निपल ओढायचं नाही. पहिली काही मिनिटं काहीच येत नाही आणि वाटतं संपलं सगळं. मग थेंब, मग धार. रात्रीचं एकदा तरी काढायचंच असं त्या बजावायच्या, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. माझ्या आईच्या घड्याळाचा गजर मी अजून झोपेत ऐकते.

आता तुझ्यासाठी. बाळाचं वजन असं असताना वरचं दूध द्यायला नकार देऊ नकोस. उपाशी बाळ दमतं, दमलेलं बाळ नीट ओढत नाही, ओढलं नाही की दूध कमी बनतं. तिच्या अंगात ताकद यायला हवी. पण डॉक्टर म्हणाले ते 30 मिली आधी तुझ्याच दुधातून भरून काढता येतं का बघ. पाजून झालं की हाताने काढ, स्वच्छ वाटीत ठेव, पुढच्या पाजण्यानंतर तेच दे. कमी पडलं तेवढीच पावडर. आणि जितक्या वेळा पावडर देशील तितक्या वेळा दूध काढ, म्हणजे शरीराला मागणी कळत राहील. पावडर नुसती देत गेलीस आणि छाती तशीच भरलेली राहिली, तरच दूध आटायला लागतं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच.

बाटली सध्या टाळता आली तर टाळ. वाटी-चमचा, किंवा तुझ्या आईकडे जुनं चांदीचं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, असेल तर ते उकळून घे. बाळाला जरा उभं धरून ओठाला टेकवायचं, ते जिभेने आपलं आपण घेतं. ओतायचं नाही.

काढलेलं दूध उन्हाळ्यात बाहेर फार ठेवू नकोस. आम्हाला बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दारात नव्हे, चोवीस तास असं सांगितलं होतं. गॅसवर तापवायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची.

आणि लेकीला नुसत्या लंगोटावर, उघड्या छातीवर घेऊन झोपवत जा, वरून तुझी ओढणी. आम्ही तासन् तास असे बसायचो, माझा नवराही. उन्हाळा असला तरी कर. दूध येतं त्याने.

लातूरची_लेक

सिस्टर, तुमचं वाचून लगेच पुढच्या वेळी बघितलं. डाव्या बाजूचं तिरकं येतं, अगदी तुम्ही म्हणालात तसं, टोकाला पांढरी रेष. उजवीकडे कमी. आणि पंप मी तासभर पाजल्यानंतर लावला होता.

गिळल्याचा आवाज ऐकायला पंखा बंद केला. पहिली चार-पाच मिनिटं येतो, मग नुसतं चोखणं. आईने वरून पाहिलं आणि म्हणाली, खालचा ओठ आत मुडपलेला आहे. दवाखान्यात असल्यापासून डाव्या हाताला सलाईनची सुई होती, त्यामुळे मी तिला तिकडे विचित्र धरत होते आणि तीच सवय राहिली असं वाटतंय.

पावडर आजपासून देतेय, वाटी-चमच्याने. पहिला चमचा देताना मला फार वाईट वाटलं. पण ती प्यायली आणि दोन तास गाढ झोपली. तिचा चेहरा बघून मी आणि आई दोघी गप्प बसलो.

इथल्या एका दवाखान्यात स्तनपान सल्लागार आठवड्यातून दोन दिवस बसतात असं कळलंय. नवऱ्याला सुट्टी काढायला सांगितली आहे.

पिंपळगावकरीण

सगळ्यांनी पकडीवर लिहिलं, ते बरोबरच आहे. मी दुसरी बाजू लिहिते, कारण या विषयावर बोलताना ती नेहमी राहून जाते.

माझी पकड उत्तम होती. दोन सल्लागारांनी बघितली. जीभ तपासली, जिभेखालचा पडदा आखूड नाही म्हणाले. दर दोन तासांनी पाजलं, मध्ये दूध काढलं, शतावरी घेतली, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या. तरी चोवीस तासांचं मिळून वाटीभरच व्हायचं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं की दूध तयार करणाऱ्या ग्रंथीच माझ्यात कमी वाढलेल्या आहेत. गरोदरपणात छातीत काहीच बदल झाला नव्हता, हीच त्याची खूण होती. ती कुणी विचारलीच नव्हती. थायरॉईडही होता.

असं थोड्याच बायकांचं असतं, पण असतं. म्हणून पकड सुधारून, नियमाने दूध काढूनही आठवडा-दोन आठवड्यांत वजन सरकलं नाही, तर स्वतःचं रक्त तपास. थायरॉईडसाठी टीएसएच आणि हिमोग्लोबिन तरी बघच. सिझरमध्ये रक्त जास्त गेलं असेल तर त्यानेही दूध मागे पडतं. तू लॅबमधलीच आहेस, तुला हे सांगायला नको.

मी माझ्या मुलाला वाटीभर माझं आणि बाकी पावडर असं सव्वा वर्ष पाजलं. तो अंगावर झोपायचा, माझा केस बोटाला गुंडाळून. त्या वाटीभर दुधाचीही किंमत आहे. आणि ज्यांना तेवढंही येत नाही, त्यांच्या मांडीवर बसून पावडर पिणाऱ्या बाळाला आई कमी मिळते असं नाही. बारशाला आलेल्या एका बाईने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अंगावरचं नाही का देत?" तो प्रश्न कुणी कुणाला विचारू नये.

पावडर करताना एक पाळ. आधी उकळून निवलेलं मोजलेलं पाणी, मग त्यातच सपाट चमचा, डब्यावर लिहिलेल्या मापानेच. डबा महाग आहे म्हणून पातळ करू नये, बाळ पोट भरल्यासारखं झोपतं आणि वजन चढत नाही. आणि गाईचं दूध वर्षाच्या आत प्यायला नको.

माहुलीच्या_सिस्टर

पिंपळगावकरीण, तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे. आम्ही गावात बायकांना अंगावर पाजा म्हणून इतकं सांगत आलो, की जिला येत नाही ती आमच्यापासून तोंड लपवते. हे मी स्वतः पाहिलंय.

डब्याबद्दल एक सांगते, कारण सासूबाई-सुनांमध्ये त्यावरून वाद होतात. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे. वरच्या दुधाची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, आयांना फुकट नमुने देता येत नाहीत. डब्यावर बाळाचा फोटो छापायलाही बंदी आहे, आणि आईचं दूध सर्वोत्तम हे त्याच डब्यावर ठळक लिहावं लागतं. डबा वाईट म्हणून हा कायदा केला नाही. ज्यांना गरज नाही त्यांच्या घरात तो घुसू नये म्हणून केला. गरज असेल तर तो औषधासारखा, मापात घ्यायचा.

लातूरच्या लेकी, वजन एकाच काट्यावर, कपडे काढून कर. तुमच्या भागात आशाताई येत असतील तर त्यांनाही बोलव. दवाखान्यात झालेल्या बाळाला त्यांनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येऊन बघायचं असतं, वजनही करायचं असतं. त्यांच्याकडे काटा असतो.

ताप भरला, छातीचा एखादा भाग लाल आणि गरम झाला, तर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव. पाजणं मात्र त्या बाजूने चालूच ठेव. गाठ जोरात चोळायची नाही, मावशींना हेही सांग. पाजल्यावर गार फडकं ठेव.

विक्रम_सांगली

पुरुष इथे लिहितो म्हणून राग मानू नका. बायकोचं पहिलं बाळंतपण असंच गेलं, म्हणून तुमच्या मिस्टरांसाठी लिहितो.

आमच्याकडे मी दोन कामं घेतली होती. रात्री पाजून झालं की बाळ माझ्याकडे, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं माझं. आणि दुसरं, माझ्या आईचे फोन मी घ्यायचे. आई वाईट बोलत नव्हती, तिला नातवाची काळजी होती. पण दिवसातून तीनदा "पोट भरलं का" हे ऐकून बायकोला पाजायला बसायचीच भीती वाटायला लागली होती. मी आईला सांगितलं, वजन दर सोमवारी कळवतो, मधे विचारायचं नाही. तिने ऐकलं. तुमच्या सासूबाईही ऐकतील, पण ते त्यांच्या मुलाने सांगायला हवं.

लातूरची_लेक

आज परत लिहितेय. मधे वेळच मिळाला नाही. बारसंही होऊन गेलं.

सल्लागार ताईंनी आम्हाला तासाहून जास्त वेळ दिला. आधी काही न सांगता मला नेहमीसारखं पाजायला बसवलं आणि नुसतं पाहिलं. मग लेकीची जीभ, टाळू तपासले, ते ठीक आहेत. मान वळलेली होती, मी तिच्याकडे वाकत होते, आणि ती आ करायच्या आत मी घाईने तोंडात देत होते. काखेखालून धरायला शिकवलं. डाव्या बाजूला जेव्हा ती पहिल्यांदा खोल पकडून प्यायली तेव्हा दुखलं नाही. मला ओळखूच येईना की ती पितेय. मग घुटके ऐकू आले. नवरा शेजारी उभा होता, त्यालाही ऐकू आले.

घरी आल्यावर मात्र तसं लगेच जमलं नाही. दोन दिवस प्रत्येक वेळी चार-चारदा सोडवून परत लावावं लागलं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवायची हेही ताईंनीच दाखवलं, मी आधी तशीच ओढून काढत होते.

त्या आठवड्याचं वजन 3.04. पुढच्या आठवड्याचं 3.25. लंगोट आठ-नऊ. डॉक्टरांनी पावडर कमी करत आणली, आता फक्त संध्याकाळी एकदा 30 मिली. तेही कधी कधी माझ्याच दुधाने भरून निघतं.

पिंपळगावकरीण ताई, तुमचं वाचून रक्त तपासलं. टीएसएच ठीक आहे, हिमोग्लोबिन 8.9. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात. एवढी का दमतेय हे तेव्हा कळलं, मला वाटत होतं सगळ्याच आयांना असंच होतं.

संध्याकाळचं रडणं आहेच. ताई म्हणाल्या की या वयात बाळं संध्याकाळी लागोपाठ पितात, वजन नीट चढत असेल तर ते दूध नसल्याचं लक्षण नाही. आता मी जेवण सहालाच उरकून घेते आणि पलंगावर पाण्याची बाटली, उशा घेऊन बसते. डाव्या बाजूची एक चीर अजून पूर्ण भरलेली नाही. लंगोटांची आणि वेळांची वही चालू आहे. आई म्हणते पुरे आता, पण मला त्या वहीचा आधार वाटतो, मी ठेवणार.

सासूबाई बारशाला आल्या होत्या. विक्रमभाऊंचं नवऱ्याला वाचायला दिलं होतं, त्याने बोलून ठेवलं होतं. त्या रात्री माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, माझं दूध तर महिन्यातच गेलं होतं गं, मला कुणी काही सांगितलंच नाही. मग बराच वेळ त्या लेकीचे पाय चोळत बसल्या.

आता पुढचं. रजा संपली की पुण्याला कामावर जायचं आहे. तेव्हा ती साडेपाच महिन्यांची असेल. लॅबमध्ये दूध काढायला जागा नाही, एक बाथरूम आहे. यावर कुणाचा अनुभव?

अमेयची_आई

3.25 वाचून मी घरात सगळ्यांना सांगितलं!

बाथरूममध्ये काढू नकोस. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे आहे, ती तू घेतेच आहेस. त्याशिवाय बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या द्याव्या लागतात. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही त्यांच्यावर आहे. लेखी अर्ज दे, रुजू व्हायच्या निदान महिनाभर आधी. मी एक स्टोअररूम मागून घेतली होती, आतून कडी आणि एक खुर्ची, बस. बर्फाच्या पिशव्या घालून छोटी थर्मासची पेटी न्यायची. दोन आठवडे आधीपासून सकाळच्या पाजण्यानंतर काढायची सवय कर.

माहुलीच्या_सिस्टर

आणि पंप घेणार असशील तर वहिनीचा नको. छातीला लागतो तो नरसाळ्यासारखा भाग तुझ्या निपलच्या मापाचा हवा. मोठा झाला तर काळा भाग आत ओढला जातो, लहान झाला तर निपल घासतं, आणि दोन्हीत दूध कमी येतं. दुकानात सगळ्यांना एकच माप देतात. आधी पट्टीने मिलीमीटरमध्ये मोज, ते तर तुझं कामच आहे, आणि मग त्या मापाचा मागून घे.